सिमेओने की अरागोनेस? अ‍ॅटलेटिकोचा सर्वांत मोठा कोच कोण?

लालपांढरा_कोल्हापूर

थेटच विचारतो. दिएगो 'चोलो' सिमेओने हा अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या इतिहासातला सर्वांत मोठा कोच आहे की नाही? माझं मत आधीच सांगतो: आहे. पण आमच्याकडं शाहू स्टेडियमवर भेटणारी विशीतली पोरं "चोलोचं आता झालं, नवा माणूस आणा" म्हणायला लागलीत, आणि जुनीजाणती मंडळी लुईस अरागोनेसच्या पुढं कुणाचं नावच घेऊ देत नाहीत. दोन्हीकडं वाद घालून झाला, म्हणून इथं मांडतो.

पोरांनी २०११ चा डिसेंबर बघितलेला नाही. कोपा देल रेमधून (स्पेनचा बाद फेरीचा कप) आपल्याला अल्बासेतेनं बाहेर काढलं होतं, आणि अल्बासेते तेव्हा तिसऱ्या स्तरावर खेळत होतं. लीगमध्ये तक्त्याच्या मधोमध कुठंतरी. रियालला, म्हणजे गावातल्याच रियाल माद्रिदला, शेवटचं हरवलं होतं १९९९ मध्ये. कोच ग्रेगोरिओ मान्सानोला घरी पाठवलं आणि २३ डिसेंबरला सिमेओनेला आणलं. हा आपलाच जुना मिडफिल्डर, १९९६ ला लीग आणि कोपा दोन्ही जिंकलेल्या टीममधला.

पाच महिन्यांत युरोपा लीग. बुखारेस्टला बिएल्साच्या बिल्बाओला ३-०, त्यात फाल्काओचे दोन. ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकून आलेल्या चेल्सीला सुपर कपमध्ये ४-१, फाल्काओची हॅटट्रिक. मे २०१३ मध्ये कोपाची फायनल, तीही बर्नाब्यूवर, समोर रियाल. रियालचे फटके तीनदा खांबाला लागून परत आले, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये मिरांडाच्या हेडरवर आपण २-१. चौदा वर्षांचा उपवास त्यांच्याच घरात सुटला.

आणि मग १७ मे २०१४. इथं लोकसभेचा निकाल आदल्याच दिवशी लागला होता, अख्खं गाव त्याच चर्चेत, आणि मी साडेनऊला टीव्हीसमोर. लीगचा शेवटचा सामना, कँप नोऊवर, बार्सिलोनाशी. बरोबरी झाली तर लीग आपली, हरलो तर त्यांची. अर्धा तास व्हायच्या आत दिएगो कोस्टा आणि अर्दा तुरान दोघंही दुखापतीनं बाहेर. कोस्टाच्या डोळ्यांत पाणी. वर अलेक्सिस सांचेझनं असा गोल मारला की कुणाचाच इलाज नव्हता. दुसरी कुठली टीम असती तर तिथंच संपली असती. हाफटाइमनंतर चार मिनिटांत गाबीचा कॉर्नर, गोदिनचं डोकं, १-१.

माझं म्हणणं त्यानंतरच्या चाळीस मिनिटांबद्दल आहे. व्हिडिओ मिळाला तर बॉल सोडून फक्त मधल्या चौघांकडं बघा: कोके, गाबी, तियागो, राऊल गार्सिया. चौघं एकमेकांपासून आठ-दहा पावलांवर. मेस्सी मध्ये आला की तिघं आत दाटतात. बॉल कडेच्या बॅककडं गेला की सगळी रांग एकदम तिकडं सरकते आणि त्याला रेषेपाशी कोंडते. तो बॉल मागं देतो, रांग परत जागेवर. हे शंभर वेळा केलं तरी एकदाही कुणी उशिरा पोचत नाही. फिटनेस कोच 'प्रोफे' ऑर्तेगानं उन्हाळ्यात सेगोवियाकडच्या डोंगरात या लोकांना गोल्फच्या मैदानावर चढाला पळवलं होतं, त्याचं फळ मे महिन्यात दिसलं. सामना संपल्यावर कँप नोऊच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

२००४ च्या व्हॅलेन्सियानंतर बार्सा आणि रियाल सोडून कुणालाच लीग जिंकता आली नव्हती. आपण जिंकली, ९० पॉइंट घेऊन. त्याच्या आदल्या वर्षी फाल्काओ विकला होता. सांगा, यापेक्षा मोठं काम या क्लबात कुणी केलंय?

जुनाजाणता

मित्रा, मनापासून लिहिलंयस. तरी माझं मत अरागोनेसलाच.

१५ मे १९७४, ब्रसेल्स. युरोपियन कपची (आताची चॅम्पियन्स लीग) फायनल, समोर बेकेनबाउअरची बायर्न. एक्स्ट्रा टाइम संपायला सहा मिनिटं असताना फ्री किक मिळाली. अरागोनेसनं ती भिंतीवरून आत घातली आणि सेप मायर जागच्या जागी बघत राहिला. कप हातात आल्यात जमा होता. शेवटच्या मिनिटाला श्वार्झेनबेकनं, ज्याचं कामच बचावाचं, लांबून मारला आणि बरोबरी झाली. दोन दिवसांनी पुन्हा सामना, ०-४. आपल्या क्लबाच्या नशिबाबद्दल लोक जे बोलत आले ते तिथून सुरू झालं.

तो गोल मारणारा माणूस त्याच वर्षी बूट ठेवून कोच झाला. काल ज्यांच्याबरोबर कपडे बदलत होता त्यांनाच आज बाकावर बसवायचं! बायर्ननं इंटरकॉन्टिनेंटल (युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधला कप) खेळायला नकार दिला म्हणून आपल्याला बोलावणं आलं. अर्जेंटिनात इंदिपेंदिएन्तेकडून ०-१ हरलो, माद्रिदला २-० जिंकलो. युरोपचा कप न जिंकता तो कप उचलणारा युरोपातला दुसरा क्लब नाही. त्यानंतर १९७६ चा कोपा, १९७७ ची लीग, १९८५ चा कोपा, आणि १९९२ चा कोपा: बर्नाब्यूवर, रियालला २-०, शूस्टर आणि फुत्रे. तुझ्या २०१३ च्या आधी एकवीस वर्षं.

पण माझ्या लेखी त्याचं सगळ्यात मोठं काम कपाचं नाहीच. २००० मध्ये क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला. पहिल्या वर्षी वर येता आलं नाही. तेव्हा साठी ओलांडलेला, सगळं जिंकून बसलेला हा माणूस खालच्या डिव्हिजनमध्ये कोच म्हणून आला आणि २००२ ला टीम वर घेऊन गेला. विशीही न गाठलेल्या तोरेसला वळण लावलं ते याच वर्षात. पुढं २००८ ला व्हिएन्नात स्पेनला युरो मिळाला तो तोरेसच्या गोलवर, आणि बाकावर अरागोनेस. सिमेओनेला क्लब वाईट अवस्थेत मिळाला हे खरं, पण पहिल्या डिव्हिजनमध्ये मिळाला. आणि पाठीशी अख्खं मॅनेजमेंट मिळालं. अरागोनेस खेसूस खीलसारख्या अध्यक्षाच्या हाताखाली राबला, जो कोच कपड्यांसारखे बदलायचा.

पाचवा_मिडफिल्डर, ठाणे

मी अ‍ॅटलेटिकोकडे वळलो ते आयएसएलमुळे. २०१४ च्या डिसेंबरात डी. वाय. पाटीलवर फायनल बघितली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची अ‍ॅटलेटिको दे कोलकाता, शेवटच्या क्षणी रफीकचा हेडर. त्यात माद्रिदच्या क्लबाची भागीदारी होती, म्हणून मूळ क्लब बघायला लागलो. म्हणजे मी बघितला तो सगळा काळ सिमेओनेचाच, तरी मला तो सर्वश्रेष्ठ वाटत नाही.

चॅम्पियन्स लीगमध्ये रियालनं आपल्याला पाचदा बाहेर काढलं: २०१४, २०१५, २०१६, २०१७, २०२५. पाचही वेळा बाकावर हाच माणूस. २०१९ मध्ये झुआंव फेलिक्ससाठी १२ कोटी ६० लाख युरो मोजले आणि त्याला कसं खेळवायचं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. २०२२ ला मँचेस्टर सिटीविरुद्ध पहिल्या लेगला (दोन सामन्यांतल्या पहिल्याला) पाच आणि पाच अशा दोन रांगा लावल्या, नव्वद मिनिटांत गोलकडं एकही शॉट नाही. गरीब क्लबानं असं खेळावं हे मला पटतं. पण ओब्लाक, ग्रीझमन, हुलियान आल्वारेझ असलेला क्लब गरीब नाही. चोलोनं क्लबाला मोठं केलं, आणि क्लब मोठा झाल्यावरही तो छोट्यासारखाच खेळवत राहिला, ही माझी तक्रार आहे.

मेट्रो_सात

मी माद्रिदमध्ये नोकरीला आहे, मूळची नाशिकची. नवरा आणि मी मेट्रोच्या सात नंबरच्या लाइननं मेट्रोपोलितानो स्टेडियमला जातो. तुमच्या वादात इथलं थोडं घालते.

माझ्या शेजारच्या सीटवर सत्तरीतले एक आजोबा बसतात. जुन्या काल्देरॉन स्टेडियमवर मांसानारेस नदीच्या बाजूला त्यांची जागा होती. अरागोनेस आणि सिमेओने असा प्रश्न मी त्यांना विचारला तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू आई मोठी की वडील मोठे असं विचारलं. मग सामना सुरू झाला आणि हाफटाइमला स्वतःहूनच म्हणाले, लुईस जायचा आणि परत यायचा, हा गेलाच नाही.

मला ते महत्त्वाचं वाटलं. अरागोनेसचे ६१२ सामने तुकड्या-तुकड्यांत झाले, सत्तरच्या दशकापासून ते २००३ पर्यंत. सिमेओनेनं तो आकडा एकाच दमात ओलांडला, मार्च २०२३ मध्ये सेव्हियाविरुद्ध, आणि त्या दिवशी आपण ६-१ जिंकलो. मोठ्या क्लबात एवढा काळ एकच माणूस टिकणं आता कुठं बघायला मिळतं? आणि क्लबाचा सर्वाधिक गोलचा अरागोनेसचा विक्रमही, १७३ चा, ग्रीझमननं जानेवारी २०२४ मध्ये मोडला तो सिमेओनेच्याच हाताखाली.

ठाणेकर, तुमची तक्रार इथंही रोज ऐकू येते. स्टेडियममधून बाहेर पडताना लोक त्याला शिव्या घालतात आणि पुढच्या सामन्याला पहिल्या मिनिटापासून "ओले ओले ओले, चोलो सिमेओने" सुरू करतात. दोन्ही करणारी माणसं तीच असतात.

लालपांढरा_कोल्हापूर

मेट्रो_सात ताई, त्या आजोबांना आमचा नमस्कार सांगा.

आधी ठाणेकर. पाचदा हरलो हे नाकारत नाही, पण कसे हरलो तेही बघा. २०१४ ला लिस्बनच्या फायनलला ९३व्या मिनिटापर्यंत कप आपला होता. २०१५ ला चिचारितोचा गोल ८८व्या मिनिटाला. २०१६ ला मिलानच्या फायनलला पेनल्टीवर, खुआनफ्रानचा फटका खांबाला. २०२५ ला पुन्हा पेनल्टीवर, आणि आल्वारेझचा पाय बॉलला दोनदा लागला म्हणून गोल रद्द. पुढं त्याच नियमाचा खुलासा करून, चुकून दोनदा लागला आणि गोल झाला तर पेनल्टी पुन्हा घ्यायची असं ठरलं. खरोखर मागं पडलो ते २०१७ ला, पहिल्या लेगला ०-३. आता याच्या आधीचं सांगतो: १९९७ ते २००८ या काळात अ‍ॅटलेटिको चॅम्पियन्स लीगमध्ये नव्हतीच. अकरा हंगाम! रियालकडून हरायलासुद्धा तिथं पोचावं लागतं. २०१२-१३ पासून लीगमध्ये आपण एकदाही पहिल्या चारांच्या बाहेर गेलेलो नाही. पोरांना तिसरा नंबर कंटाळवाणा वाटतो, कारण त्यांनी सातवा-आठवा बघितलेला नाही. तो कंटाळा सिमेओनेनं मिळवून दिलाय.

आणि "छोट्यासारखा खेळवतो" हे २०२०-२१ ला लागू होत नाही. त्यानं स्वतःची लाडकी ४-४-२ मांडणी मोडली. मागं तिघं, एर्मोसोला डावीकडून बॉल पुढं आणायची मोकळीक, उजवीकडं ट्रिपियर, आणि योरेंतेला आत धावायला लावून त्याच्याकडून १२ गोल काढले. हा योरेंते आपल्याकडं बचावात्मक मिडफिल्डर म्हणून आला होता. बार्सानं म्हातारा म्हणून सोडलेल्या सुआरेझनं २१ मारले. शेवटच्या दिवशी वायादोलिदमध्ये ०-१ मागं होतो. इकडं लॉकडाऊन, सामने फेसबुकवर दाखवायचे, मी गच्चीत रेंज शोधत मोबाइलवर बघत होतो. कोरेआनं चिमटीत धरल्यासारखा बॉल नेऊन पायाच्या टोकानं मारला, दहा मिनिटांनी सुआरेझ. संपल्यावर सुआरेझ मैदानात बसून घरच्यांशी फोनवर बोलत रडत होता. हे फार जुनं नाही, परवाचं आहे.

जुनाजाणता, तुमचा २००२ चा मुद्दा वजनदार आहे, आणि दुसऱ्या डिव्हिजनचं ओझं सिमेओनेनं कधी उचललं नाही हे मान्य. तरी मी कप मोजतोच. अरागोनेसचे सहा मोठे, सिमेओनेचे आठ: दोन लीगा, एक कोपा, एक स्पॅनिश सुपर कप, दोन युरोपा लीग, दोन युरोपियन सुपर कप. आणि समोर कोण होतं? मेस्सीची बार्सा, रोनाल्डोची रियाल, दोघांची कमाई आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. सत्तरच्या दशकात पैशाचा फरक एवढा नव्हता. अरागोनेस १ फेब्रुवारी २०१४ ला गेला. दुसऱ्याच दिवशी सिमेओनेच्या टीमनं सोसिएदादला ४-० मारून लीगचा पहिला नंबर घेतला. त्या दोघांमध्ये स्पर्धा लावायला मलाही जड जातं, पण विचारलंत तर माझा क्रम सिमेओने, अरागोनेस आणि मग १९९६ च्या डबलचा कोच अंतिच.

एक राहिलं. आपल्या जुन्या कोचांपैकी सामोरानं १९४० आणि १९४१ ला, हेलेनिओ हेरेरानं १९५० आणि १९५१ ला लागोपाठ लीग जिंकून दिली. लागोपाठ दोन ना अरागोनेसला जमल्या, ना सिमेओनेला. त्या टीमा कशा खेळायच्या यावर कुणी वाचलेलं असेल तर टाका.