बदली ग्रंथपाल: नुसतं पुस्तक द्यायचं-घ्यायचं?

जुनी_वही:
परवा इथे एकांनी लिहिलं, "ग्रंथपालबाई सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर आहेत. ज्याचा तास ऑफ असेल त्याला बसवा. पुस्तक द्यायचं-घ्यायचं, त्यात कसलं आलंय कौशल्य?" दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. मी तीन महिने असं बदलीवर काम केलंय. पहिल्याच दिवशी सहावीतला मुलगा आला. "बाई, ते निळं पुस्तक द्या, ज्यात बोकड हरवतो." नाव आठवेना, लेखक तर नाहीच. आमच्याकडे पुस्तकं विषयाच्या आकड्यांप्रमाणे लावलेली, पण सगळं मराठी साहित्य ८९१.४६ या एकाच आकड्याखाली, कथा-कविता-नाटकं एकत्र. शेवटी शिपाईमामांनी काढून दिलं, कारण वीस वर्षं ती कपाटं तेच पुसतात. तोवर मुलगा एका पायावर उभा होता. मामांना विचारायला मला अर्धा तास लागला, याची आजही टोचणी आहे.

खडूफळा:
ते मीच लिहिलं होतं. आमच्याकडे दहावीचे जादा तास, वर निवडणुकीची कामं. पुस्तकांना असे विषयवार आकडे द्यायची ड्यूईंची पद्धत १८७६ सालची, ती येणारा माणूस सहा महिन्यांसाठी आणू कुठून? बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, झालेला तेवढ्या मानधनावर येत नाही. शिक्षकावर आणखी किती लादाल?

दुपारची_सुट्टी:
आकड्यांचं सोडा. माझ्या मुलीच्या शाळेत बदलीवर आलेल्या सरांनी पहिल्या दिवशी कपाटांना कुलूप घातलं. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, फोटोपुरती उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास वर्गापर्यंत आला म्हणे. मुलगी वर्षभर एक पुस्तक घरी आणू शकली नाही.

कपाटाची_किल्ली:
त्या सरांना नावं ठेवू नका. माझ्याकडून ४१ पुस्तकांचे पैसे भरून घेतले. मी यायच्या आधीच गहाळ झालेली होती ती! चार्ज घेताना मोजणी न करता सही केली, एवढाच गुन्हा. पडताळणीत सगळं माझ्या अंगावर आलं.

दुपारची_सुट्टी:
म्हणून मुलांना पुस्तकच द्यायचं नाही? ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ साली पहिलाच नियम सांगितला, पुस्तकं वापरासाठी आहेत.

कपाटाची_किल्ली:
नियम मलाही पाठ आहेत. पैसे माझ्या पगारातून गेले. तुम्ही कधी भरलेत? तेव्हा माझा मुलगा बारावीला होता, क्लासची फी थकली होती. आधी ते समजून घ्या, मग बोला.

दुपारची_सुट्टी:
आवाज चढवू नका. पैशांचं वाईट वाटलं, मनापासून. पण कुलूप मला पटणार नाही.

जुनी_वही:
धागा बदलीच्या माणसाला काय यायला हवं यावर होता. तरी किल्लींचं म्हणणं मान्य करावं लागेल. मीही न मोजताच सही केली होती, नशिबाने वाचले. ज्याला हरवण्याची धास्ती आहे तो मुलाच्या हातात पुस्तक देणारच नाही. कसर लागलेली, पानं गळलेली पुस्तकं वेळच्या वेळी बाद करून घेतली तर निम्मी भीती जाते.

खडूफळा:
"कुणालाही बसवा" हे मागे घेतो. रोज नवा शिक्षक बसवला तर देवघेव रजिस्टरचा घोळ होतो, तेही मान्य. एकालाच नेमू. पण त्याचे तास कमी करा, ही मागणी मी सोडणार नाही. आणि मोजणी करायची कधी? सोमवारपासून घटक चाचणी आहे.

कपाटाची_किल्ली:
रविवारी. दोघांनी मिळून. एकाने पुस्तकावरचा दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीतला त्याचा नंबर, वाचायचा, दुसऱ्याने नोंदवहीत खूण करायची. सापडत नाहीत त्यांची यादी मुख्याध्यापकांच्या सहीने ठेवायची, मगच किल्ली हातात घ्यायची. चार हजार पुस्तकं असतील तर दोन रविवार धरा.