फार्बेन खटल्यातलं डीन एबेअर यांचं भिन्नमत मूटसाठी वाचावं का?

तिसरंवर्ष_लॉ: नमस्कार. मूटमध्ये, म्हणजे कॉलेजच्या सरावाच्या खटल्यात, कंपनी संचालकांच्या गुन्हेगारी जबाबदारीचा प्रश्न आलाय. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीच्या संचालकांवर खटला चालला. त्यातले एक न्यायाधीश, पॉल एबेअर, मुळात लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलचे डीन होते. सीनियर म्हणतात, बहुमताचा निकाल वाच, त्यांचं भिन्नमत सोडून दे. सोडू का?

कामगारवकील_शिवाजीनगर: मुळीच नको. उलट तिथूनच सुरुवात कर.

१९३७ साली डीन झाले तेव्हा या माणसानं तिशीही गाठली नव्हती. १९४७ मध्ये न्यूरेंबर्गला गेले. समोर २३ आरोपी, सगळे सुशिक्षित, बरेचसे रसायनशास्त्रातले. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीजवळ मोनोविट्झला कंपनीचा कृत्रिम रबराचा कारखाना उभा राहत होता आणि छावणीतले कैदी तिथं राबत होते. जुलै १९४८ च्या निकालात गुलाम मजुरीच्या आरोपावर फक्त पाच जण दोषी ठरले. बाकीच्यांचं म्हणणं एकच, सरकारनं मजूर लादले, आमचा नाइलाज होता. बहुमतानं ते बऱ्याच अंशी मान्य केलं.

एबेअर यांनी मान्य केलं नाही. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी वेगळं मत दिलं, की कंपनी त्या धोरणात आपणहून सामील होती आणि त्याची जबाबदारी सबंध संचालक मंडळावर येते. आक्रमक युद्धाच्या आरोपातून मात्र सुटका त्यांनीही मान्य केली, जड मनानं. पुरावा जिथवर जातो तिथवरच जायचं, ही शिस्त मला त्यात दिसते.

मला हे इतकं का लागतं, सांगते. भोसरीतल्या एका कारखान्याच्या केसमध्ये ठेकेदाराचं हजेरीपत्रक हातात आलं. २६ दिवसांच्या सह्या, एकच पेन, एकच वळण, शाई कुठं फिकी नाही की गडद नाही. साहेब साक्षीत म्हणाले, "ते ठेकेदार जाणे." ऑशविट्झशी तुलना नाहीच, करूही नये. पण "आम्हाला काय माहीत" हे वाक्य उलटतपासणीत कुठं पकडायचं, ते मी एबेअर यांच्याकडून शिकले.

जुनावाचक_कोथरूड: त्याच वर्षी टोकियोत जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात न्यायाधीश राधाबिनोद पाल यांचंही भिन्नमत आलं. तेही कायद्याचे प्राध्यापक, कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांनी सगळ्यांना निर्दोष ठरवलं. म्हणजे जपाननं अत्याचार केलेच नाहीत, असं ते म्हणत होते.

कामगारवकील_शिवाजीनगर: शेवटचं वाक्य चूक आहे, काका. अत्याचार झाले हे पाल यांनी स्पष्ट लिहिलंय. त्यांचा आक्षेप असा, की आक्रमक युद्ध हा तेव्हाच्या कायद्यात गुन्हाच नव्हता, आणि त्या अत्याचारांचा दोष समोरच्या आरोपींवर सिद्ध झाला नाही. मूटमध्ये दोन्ही मतं शेजारी ठेव गं, पण पाल यांच्या तोंडी भलतं घालू नकोस.

तिसरंवर्ष_लॉ: ताई, तुमच्याकडे प्रत आहे का?

कामगारवकील_शिवाजीनगर: आहे. सोमवारी सहानंतर ऑफिसात ये. झेरॉक्स काढ, समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट.