माफीचा वर्ग बायकांनीच का भरायचा?

देवळालीची सून: काल ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं, माजी सैनिकांच्या बायकांना क्षमा-प्रशिक्षण द्या, राग सुटला की झोप लागते. वाचून माझीच झोप उडाली. मिस्टर तोफखान्यात बावीस वर्षं होते, डावा कान गेलाय. मी हळू बोलले तर त्यांना ऐकू येत नाही, मोठ्यानं बोलले तर "ओरडतेस कशाला" म्हणून ताट भिरकावतात. वरणाचा डाग भिंतीवर आहे, दोनदा रंग दिला तरी वर येतो. उपचार त्यांना नकोत, शिकवणी मला?

मनमोकळी: पोस्ट माझीच. ताई, माफ करणं म्हणजे सोसणं नव्हे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांच्या क्षमा-पद्धतीत पहिला टप्पाच मनातला राग बाहेर काढण्याचा आहे. माफ करायचं की नाही, हे दुसऱ्या टप्प्यात ठरतं. माफ केलं म्हणून त्याच घरात नांदायलाच हवं, असंही ते म्हणत नाहीत. इराणमध्ये इराकशी झालेल्या १९८०-८८ च्या युद्धातून परतलेल्यांच्या बायकांसोबत असं काम झालंय.

गनर सुभेदार (नि.): सगळे फौजी ताटं फेकत नाहीत! १९९९ ला कारगिलच्या लढाईत द्रासला आमच्या तोफा रात्रंदिवस चालत होत्या. आजही कानात शिट्टी वाजते. कोणी विचारलं?

भगूरची लेक: साहेब, कानाचं राहू द्या, फौजी कॅन्टीनमधल्या दारूच्या कोट्याचं बोला. आई कॅन्टीनचं कार्ड ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवायची. बाबा डबा जमिनीवर उपडा करायचे. ते पीठ मी गोळा केलंय, तेव्हा चौथीत होते.

गनर सुभेदार (नि.): कोटा आमच्या हक्काचा आहे. एकाच्या दारूपायी सगळ्या फौजेला बदनाम करू नका.

भगूरची लेक: हक्क तुमचा, पीठ आमचं. पिणाऱ्याच्या घरी कोटा बंद करायला बायकोची एक सही का पुरत नाही?

गनर सुभेदार (नि.): म्हणजे फौजीनं बायकोला विचारून प्यायची? तोंड सांभाळून बोला.

मनमोकळी: विषय दारूचा नाहीये हो.

भगूरची लेक: आमच्या घरी तोच विषय होता. आई गेली, तोवर तिनं एकदाही "माफ केलं" म्हटलं नाही. आणि कुणाला तिनं म्हणायला हवं होतं असं वाटत असेल, तर मला पटत नाही.

मनमोकळी: बरोबर आहे. माफीची सक्ती कोणी करूच नये, हे पोस्टमध्ये लिहायचं माझ्याकडून राहिलं.

गनर सुभेदार (नि.): सहीचं मला अजून पटलेलं नाही. पण लेकरानं पीठ गोळा करावं, हे वाईटच. देवळालीच्या वहिनी, ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, कानाचं मशीन मिळतं. मी येतो त्यांच्यासोबत.

देवळालीची सून: साहेब, मशीन दोन वर्षं कपाटात पडलंय. म्हणतात, मी बहिरा नाही. रेंजवर फायरिंग सुरू झालं की मात्र खिडकीच्या तावदानावर हात ठेवून उभे राहतात. तुम्ही याच, तुमचं ऐकतील. ताई, पहिल्या टप्प्यापुरती मी येईन. दुसऱ्याचं आत्ताच विचारू नका.