खेचराच्या पाठीला जखमा: ओझं जास्त की खोगीर चुकीचं?

प्रश्न: खेचर साधारण ३५० किलोचं, ओझं ८० किलो. उतारावर खोगीर पुढे सरकतं, खांद्याच्या उंचवट्याजवळ कातडी सोलते. खोगीर घोड्याचं आहे. ओझं कमी करू का?

उत्तर १: खोगीर धरून एकूण भार जनावराच्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शात ठेवा, म्हणजे ७० ते ८७ किलो. तुमचे ८० खोगिराशिवायचे असतील तर कमी कराच. पण मूळ दोष खोगिराचा दिसतो. खेचराचा खांद्याचा उंचवटा बसका, पाठ सरळ, धड पिंपासारखं गोल. घोड्याच्या मापाचं खोगीर तिथे नीट बसतच नाही. तंग, म्हणजे पोटाखालून बांधायचा पट्टा, जास्त आवळू नका, काखेमागे काचेल. मांड्यांमागून जाणारा रुंद पट्टा लावा, उतारावर खोगीर तोच थोपवतो. सपाटीवर त्यात हात सहज जायला हवा, नाहीतर पाऊल आखडतं.

उत्तर २: आधी जखम भरू द्या, तोवर पाठीवर काहीच नको. नंतर ओझं उतरवलं की घाम बघा. ओल्या पाठीवर कोरडा ठिपका म्हणजे बहुधा तिथे दाब जास्त. गादी जाड करून हे सुटत नाही, खोगीर उलट डगमगतं. दोन्ही बाजूंची ओझी काट्यावर तोला.

प्रश्नकर्ता: मांड्यांमागच्या पट्ट्याऐवजी दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, चालेल?

उत्तर १: हलक्या ओझ्याला चालेल. ८० किलोला शेपटीखालची कातडी कापेल.