‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला मराठीत काय म्हणायचे? हुजूर, पुराणमतवादी, उजवे की आणखी काही?

अर्धविराम
ब्रिटनच्या राजकारणावरच्या एका लेखाचा अनुवाद एका वाक्यापाशी अडला आहे. आशय असा : २०२४ च्या पराभवानंतर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात कॉन्झर्व्हेटिव्ह असे काय उरले आहे? पक्षाचे नाव आणि विशेषण एकच, आणि वाक्याचा सगळा जोर त्यावर. मराठीत पक्ष ‘हुजूर’ आणि विचार ‘पुराणमतवादी’. ‘हुजूर पक्षात पुराणमतवादी असे काय उरले आहे?’ असे लिहिले तर वाचकाला वाटेल, उरले नसेल तर चांगलेच झाले की! लेखकाला तर तक्रार करायची आहे. ‘सनातनी’ म्हटले की धर्म येतो, ‘रूढिप्रिय’ म्हटले की सोवळेओवळे. त्या मताचा माणूस स्वतःबद्दल ताठ मानेने वापरेल असा शब्द हवा आहे.

वेलांटी
‘पुराणमतवादी’तला ‘पुराण’ हे ‘जुने’ या अर्थाचे संस्कृत विशेषण आहे, अठरा पुराणांशी त्याचा संबंध नाही. पण कानाला पुराणेच ऐकू येतात आणि तिथेच घात होतो. शिवाय जुने मत धरून बसणे आणि जुनी गोष्ट सांभाळणे यांत फरक आहे. लॅटिन धातूचा अर्थ राखणे, जपणे असा आहे.

हाच इंग्रजी शब्द राजकारणाबाहेर आला की आपण अर्थ बरोबर पकडतो. कॉन्झर्व्हेटिव्ह अंदाज म्हणजे हात राखून केलेला अंदाज. डॉक्टरांची कॉन्झर्व्हेटिव्ह ट्रीटमेंट म्हणजे शस्त्रक्रियेविना उपचार. जंगलखात्यातला कॉन्झर्व्हेटर म्हणजे वनसंरक्षक. तिन्हीकडे ‘राखणे’ आहे, ‘पुराण’ कुठेच नाही. यंत्राने केलेल्या अनुवादात ‘पुराणमतवादी अंदाज’ येतो तो राजकारणातला प्रतिशब्द सगळीकडे चिकटवल्यामुळे. माझी सूचना ‘जतनवादी’.

कारकून
वेलांटीताई, शब्द घडवणे सोपे, चालवणे कठीण. ‘जतनवादी’ म्हटले की गडकिल्ले आणि जुनी हस्तलिखिते डोळ्यांपुढे येतात. ‘हुजूर पक्ष’ हे नाव मराठी वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे वापरले आहे, ‘मजूर पक्षा’शी त्याचे यमक जुळते, आणि बातमीच्या मथळ्यात सात-आठ अक्षरांच्या शब्दापेक्षा तीन अक्षरांचा शब्द बसतो. वाचकाला कळते ना? मग शुद्धीचा आग्रह कशासाठी?

वेलांटी
कळते, पण काय कळते? हुजूर म्हणजे मालक, म्हणजे हा पक्ष मालकांचा. हे नाव म्हणजे विरोधकांचे मत झाले, अनुवाद नव्हे.

मोडीवाचक
‘हुजूर’चा मूळ अरबी अर्थ उपस्थिती. हजर, हाजिर, हजेरी सगळे एकाच धातूचे. राजाच्या समोरची जागा ती हुजूर, मग तिथले जे जे ते हुजुराती. हुजूर दफ्तर, हुजूर फौज. पुण्यातली हुजूरपागा ही पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा, १८८४ मध्ये निघालेली मुलींची शाळा त्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे ‘दरबारच्या बाजूचा पक्ष’ या अर्थाने हे नाव टोरींना, म्हणजे या पक्षाच्या पूर्वजांना, इतिहासाच्या दृष्टीनेही शोभते. १६८० च्या सुमारास टोरी म्हणून ज्यांना हिणवले गेले ते राजाच्या कॅथलिक भावाचा गादीवरचा हक्क काढून घ्यायला नकार देणारे लोक होते. आयरिश भाषेत तो शब्द लुटारू, फरारी माणसासाठी होता.

‘हुजऱ्या’ही यातलाच असावा असे मला वाटते.

कारकून
‘हुजऱ्या’ अरबी ‘हुजरा’ म्हणजे खोली यावरूनही आलेला असू शकतो. खोलीच्या दाराशी उभा राहणारा.

मोडीवाचक
त्या ‘हुजरा’तला ज वेगळ्या अरबी अक्षराचा आहे, धातूही वेगळा. मराठीत आल्यावर दोन्ही ज एकच झाले, म्हणून हा निवाडा केवळ उच्चारावरून होणार नाही. जुन्या कागदांत हुजऱ्याचे काम काय लिहिले आहे ते पाहावे लागेल.

तांबडी माती
मूळ प्रश्नाकडे येऊ. शब्द सापडत नाही, कारण त्या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी राखायला निघालेली माणसे एकत्र बसली आहेत.

पहिली, संस्था राखणारे. पक्षाचा नेता रॉबर्ट पील याने १८३४ च्या टॅमवर्थ जाहीरनाम्यात १८३२ ची मतदानसुधारणा मान्य केली. ती आता उलटवायची नाही, जिथे दोष सिद्ध होईल तिथे दुरुस्त करायचे, बाकी सांभाळायचे, अशी त्याची भूमिका होती. यात बदलाला नकार नाही. पुराव्याचा भार बदल मागणाऱ्यावर टाकला आहे, एवढेच. या परंपरेचा मूळपुरुष मानला जाणारा एडमंड बर्क तर व्हिग, म्हणजे टोरींच्या विरोधी गटातला होता, टोरी नव्हता. १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडणारा हाच माणूस त्याच काळात वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला चालवत होता, आणि हिंदुस्थानातल्या जुन्या संस्था कंपनीने मोडल्या ही त्याची तक्रार होती. त्याला ‘पुराणमतवादी’ म्हटले तर यातले काहीच हाती लागत नाही.

दुसरी, बाजार मोकळा करणारे. मार्गारेट थॅचर १९७९ ते १९९० पंतप्रधान होत्या. १९८४ मध्ये टेलिकॉम, १९८६ मध्ये गॅस कंपनी विकली. हे राखणे नव्हे, मोठी मोडतोड होती, आणि त्यामागचा अर्थविचार एकोणिसाव्या शतकातल्या उदारमतवाद्यांचा होता. तिसरी, राष्ट्र आणि सीमा राखणारे, ज्यांनी २०१६ च्या सार्वमतात ब्रेक्झिटचा, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा, कौल मिळवला. पहिल्या गटाच्या दृष्टीने चार दशकांची व्यवस्था एका सार्वमताने मोडणे हेच नावाला न शोभणारे होते.

आजचा पेच यातून आला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, आणि तीही अंदाजपत्रकावर स्वतंत्र मत देणाऱ्या कार्यालयाचा अंदाज न घेता. ते कार्यालय २०१० मध्ये याच पक्षाच्या नेतृत्वाखालच्या सरकारने उभे केले होते. रोख्यांचे भाव कोसळले, निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि पाच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला उतरावे लागले. कर कमी करणे दुसऱ्या गटाचे, संस्थेला बगल देणे पहिल्या गटाच्या विरोधातले. तुमचा लेखक कोणत्या गटातून बोलतो आहे ते आधी ठरवा, शब्द त्यानंतर.

अर्धविराम
पहिल्याच गटातून. पण विवाहाच्या मुद्द्यावर दोन्ही बाजू तोच शब्द वापरतात असे तो लिहितो.

तांबडी माती
बरोबर आहे. समलिंगी विवाहाचा कायदा २०१३ मध्ये कॅमेरन सरकारने आणला. विवाहसंस्था बळकट होते म्हणून मी कॉन्झर्व्हेटिव्ह या नात्याने पाठिंबा देतो, अशी कॅमेरन यांची मांडणी. संसदेत त्यांच्याच पक्षाचे जास्त सदस्य विरोधात गेले, तेही विवाहसंस्था राखण्यासाठीच. दोघांनाही बसेल असा शब्द ‘राखणे’वरूनच येईल. ‘परंपरावादी’ फक्त विरोध करणाऱ्यांना बसतो.

वेलांटी
मग ‘संरक्षणवादी’ का नको, असे कोणी विचारण्याआधीच सांगते. तो शब्द आयातीवर जकात लावणाऱ्यांनी आधीच घेतला आहे. आणि हा पक्ष १८४६ मध्ये फुटला तो त्याच मुद्द्यावर. पीलने धान्यावरची जकात उठवली, संरक्षणवादी एकीकडे, पील आणि ग्लॅडस्टनसारखे लोक दुसरीकडे. हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला तर त्या वर्षाचा परिच्छेद कोणालाच समजणार नाही.

नर्मदाकाठ
इकडे इंदुरात आणखी एक घोटाळा होतो. हिंदीत ‘कर्मठ कार्यकर्ता’ म्हणजे कष्टाळू, झटून काम करणारा, शुद्ध कौतुक. मराठीत कर्मठ म्हणजे कर्मकांडाला चिकटलेला. हिंदीतून मराठीत येणाऱ्या प्रचारपत्रकांत हा शब्द तसाच राहतो आणि उमेदवाराची स्तुती निंदा होऊन बसते. हिंदी वर्तमानपत्रे ब्रिटनच्या पक्षाला सहसा सरळ कंझर्वेटिव पार्टी म्हणतात, ‘रूढिवादी’ मुख्यतः विचारासाठी.

कारकून
सरळ ‘उजवे’ म्हणा. सगळ्या देशांना चालते.

वेलांटी
नाही चालत. फ्रान्सच्या सभागृहात १७८९ मध्ये कोण कुठे बसले एवढाच त्याचा उगम. मराठीत ‘हा त्याच्यापेक्षा उजवा’ म्हणजे सरस. ‘डावे’ कमी दर्जाचे. ‘डावलणे’सुद्धा तिथूनच आले असावे. तोलून लिहायच्या लेखात एका बाजूच्या नावातच शाबासकी नको.

मोडीवाचक
आणि एका रेषेवर माणसे मांडली की आपल्याकडचेच लोक बसत नाहीत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात वय १० वरून १२ वर नेले गेले. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. राजकारणात जहाल ते समाजसुधारणेत सावकाश, राजकारणात मवाळ ते समाजकारणात पुढे. ‘सुधारणा हवी, पण परक्या सरकारच्या कायद्याने नको’ हा टिळकांचा मुद्दा बर्कला अनोळखी वाटला नसता. तरी टिळकांना कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटले तर अर्धे चरित्र बाहेर राहते.

कारकून
राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारी) स्वतंत्र पक्षाचे काय? १९५९ च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने सहकारी शेतीचा ठराव केला, त्याविरुद्ध तो पक्ष उभा राहिला. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा. त्याला उजवाच म्हणत.

तांबडी माती
म्हणत, पण तो पक्ष वर सांगितलेल्या दुसऱ्या गटाच्या जवळ जातो, राजाजी स्वतः पहिल्या. पुन्हा तोच प्रश्न.
अर्धविराम, माझे मत असे : लेखात पक्षाला ‘कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष’च म्हणा, ‘म्हणजेच हुजूर पक्ष’ हे पहिल्या उल्लेखात एकदाच. अडलेले वाक्य : ‘जे राखायचे म्हणून कॉन्झर्व्हेटिव्ह हे नाव घेतले, त्यातले या पक्षाने राखले काय?’ विशेषण सोडून क्रियापद घ्या.

मोडीवाचक
क्रियापद छान आहे. पण ‘हुजूर’ एका वाक्यात उरकू नका. २०१९ मध्ये बोल्सोव्हर आणि सेजफील्ड हे मजूर पक्षाचे जुने बालेकिल्ले याच पक्षाने घेतले, ३६५ जागा मिळवल्या. २०२४ मध्ये १२१. मजुरांनी हुजुरांना मत दिले, हे मराठीतच इतके नेमके सांगता येते.

अर्धविराम
क्रियापदाचे वाक्य घेतो आहे. आता नवीन अडचण, पुढच्याच ओळीत ‘टोरी’चे अनेकवचन आहे. ‘टोऱ्या’?

वेलांटी
‘टोऱ्या’ केले तर शब्द स्त्रीलिंगी होईल, गोळी-गोळ्या, नळी-नळ्या तसा. पुल्लिंगी ईकारान्त नाम अनेकवचनात बदलत नाही, हत्ती, पक्षी. म्हणून अनेक टोरी.

नर्मदाकाठ
आणि ‘टोरींनी’ की ‘टोऱ्यांनी’?

वेलांटी
‘हत्तींनी’, म्हणून ‘टोरींनी’.

कारकून
‘धोब्यांनी’, ‘माळ्यांनी’ म्हणतोच की.