क्रॉमवेल निकामी? इंजिनाचं काय ते आधी बोला

धागाकर्ता: दुसऱ्या महायुद्धातल्या क्रॉमवेल या ब्रिटिश रणगाड्याबद्दल काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘क्रॉमवेल म्हणजे १९४४ पर्यंत रखडलेलं निकामी लोखंड, ब्रिटिशांनी सगळीकडे अमेरिकन शर्मनच वापरायला हवे होते.’ डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. रखडला तो इंजिनापायी. आधीच्या क्रूसेडर रणगाड्यात लिबर्टी होतं, १९१७ सालचं विमानाचं इंजिन, ३४० अश्वशक्ती. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पाण्याचे पंप गळायचे, पंख्याच्या साखळ्या दगा द्यायच्या. मर्लिन या विमानाच्या इंजिनाचा सुपरचार्जर (जादा हवा कोंबणारा भाग) काढून रोल्स-रॉइसने मिटिऑर हे रणगाड्याचं इंजिन केलं आणि ६०० अश्वशक्ती मिळाली. २८ टनांचा क्रॉमवेल ताशी ६० किलोमीटर पळायला लागला. ३ सप्टेंबर १९४४ ला ब्रसेल्समध्ये घुसलेल्या वेल्श गार्ड्स या ब्रिटिश पलटणीकडे क्रॉमवेलच होते.

वाळवंटी_घोडा: वेगाचं कौतुक पुरे. पुढचं चिलखत सरळ उभं, उतार नाही. मागे घ्यायचा तर नुसता रांगायचा. १३ जून १९४४ ला नॉर्मंडीत व्हिलेर-बोकाजला मोजक्या जर्मन टायगर रणगाड्यांनी सातव्या आर्मर्ड या ब्रिटिश डिव्हिजनची दाणादाण उडवली. इटलीत शर्मन चालवलेल्या पोरांच्या हाती हे दिलं, याचा राग येत नाही?

धागाकर्ता: टायगरच्या ८८ मिलिमीटर तोफेपुढे शर्मनही टिकला नसता. मोठी तोफ बसवलेले शर्मन, फायरफ्लाय, होते ना तिथे!

भोसरीचा_फिटर: दोघंही मूळ मुद्दा सोडताय. नफील्ड कंपनीवाले लिबर्टी सोडायला तयार नव्हते, म्हणून त्याच इंजिनाचा कॅव्हेलियर रणगाडा निघाला. लेलँड कंपनीनेही मिटिऑरकडे पाठ फिरवली, तिचा सेंटॉर रणगाडा लिबर्टीवरच गेला. माझा जन्म टूलरूममध्ये गेला. सदोष कास्टिंग आहे हे सगळ्यांना ठाऊक असूनही आम्ही ते महिनोन्‌महिने काढलं, कारण लाइन थांबली तर महिन्याचा आकडा बुडायचा. १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिशांचे रणगाडे फ्रान्समध्येच राहिले, त्यानंतर तेच झालं. कव्हेनंटर रणगाडे १७०० च्या वर काढले. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, सतत तापायचे. लढाईला पाठवायच्या लायकीचे ठरलेच नाहीत.

वाळवंटी_घोडा: तुमच्या कास्टिंगमुळे कुणी जळून मेलं नाही, काका! क्रूसेडरच्या दोन पौंडी तोफेला (दोन पौंडांचा गोळा मारणारी) स्फोटक गोळा दिला नव्हता. लांबून मारणाऱ्या जर्मन तोफांवर क्रूसेडरवाले मशिनगन झाडत गेले. त्यांना लाइनची कारणं सांगणार?

भोसरीचा_फिटर: आवाज खाली. तिच्याहून मोठ्या सहा पौंडी तोफेचा आराखडा तयार होता. तिच्यासाठी दोन पौंडीची लाइन मोडावी लागली असती, म्हणून ती लांबली. मेले ते याच लाइनपायी.

वाळवंटी_घोडा: बरं, तोफेचं मान्य. गोळ्याचं नाही.

नगरकर: वडील नंतरच्या ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्यावर मेकॅनिक होते. त्यातही मिटिऑरच. पेट्रोल अतोनात प्यायचं, पण त्या इंजिनाबद्दल वाकडा शब्द त्यांनी कधी ऐकून घेतला नाही. १९६५ च्या भारत-पाक युद्धात फिल्लोरात पूना हॉर्स ही रणगाडा रेजिमेंट आणि तिचे कर्नल तारापोर त्याच सेंच्युरियनवर लढले. त्या इंजिनाला निकामी लोखंडात धरू नका.

वाळवंटी_घोडा: इंजिनाला कोण नावं ठेवतंय? सेंच्युरियनला उतरतं चिलखत आणि २० पौंडी तोफ होती. क्रॉमवेलला का नाही, एवढंच सांगा.

धागाकर्ता: रेल्वेच्या वॅगनवर बसेल तेवढीच रुंदी ठेवायची होती. त्यामुळे बुरुज ज्यावर फिरतो ते कडं अरुंद राहिलं, व्हिकर्सची लांब ७५ मिलिमीटर तोफ बसेना, आणि पुढच्या कॉमेट रणगाड्याची वाट पाहावी लागली. सेंच्युरियनसाठी ती अट काढून टाकली. १९४१ मध्ये काढली असती तर काय झालं असतं, यावर बोला.