मागचा बंपर, दोन स्टेपन्या आणि कणकुंबीचा रस्ता

प्रेषक: खानापूरकर
विषय: स्टेपनी कॅरियरचा बंपर, एक हात की दोन?

मंडळी, नमस्कार.

ॲडलेड सोडून खानापूरला परत आल्याला दोन वर्षं झाली, तरी मंडळाच्या यादीतून नाव काढलेलं नाही. गाडीबद्दल विचारायचं झालं की अजूनही तुम्हीच आठवता.

आमचं शेत जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं. पावसाळ्यात शेवटचे चार किलोमीटर म्हणजे तांबडा राडा. त्यासाठीच फोर व्हील ड्राइव्ह घेतली. गेल्या वर्षी कंपनीचे टायर काढून जाड नक्षीचे, एक माप मोठे घातले. स्टेपनीही त्याच मापाची घेतली, ती मागच्या दारावर आहे. तेव्हापासून दार खडखडतंय. बंद करताना वर उचलून ढकलावं लागतंय.

बेळगावात एका दुकानदारानं सांगितलं, दाराचा नाद सोडा, मागचा बंपरच बदला. लोखंडी बंपर, त्यावर दोन झुलते हात (म्हणजे फाटकासारखे बाजूला उघडणारे, स्टेपनी टांगायचे लोखंडी दांडे), दोन स्टेपन्या, वर डिझेलचा कॅन. फोनवर त्यानं ऑस्ट्रेलियातल्याच गाड्यांची चित्रं दाखवली. ती बघून ॲडलेडच्या उत्तरेकडच्या फ्लिंडर्सच्या डोंगरातले आपले मुक्काम आठवले आणि मन तिकडं ओढलं, खोटं कशाला सांगू. पण आठवड्यातून दोनदा बाबाही गाडी नेतात. ते ७४ वर्षांचे आहेत. त्यांना एवढं सगळं उघडता-लावता येईल का, हीच काळजी आहे.

काका, तुमच्या लँड क्रूझरवर असा बंपर होता. तुम्ही सांगाल तसं करीन.

*

प्रेषक: निपाणीची लेक, पर्थ

दादा, काका लिहितीलच. मी दोनच गोष्टी सांगते, आणि दोन्ही मनावर घे.

पहिली दिव्यांची. दोन्ही बाजूंना चाकं आली की टेललाइट किंवा नंबरप्लेट कुठून ना कुठून झाकली जाते. दुकानात गाडीच्या मागं उभं राहून बघितलं तर दिसते, पण ट्रकच्या उंच केबिनमधून आणि मोटारसायकलवरून दिसते का? ऊसाच्या हंगामात आपल्याकडं रात्री रस्त्यावर काय असतं तुला माहीत आहे. माझा मामेभाऊ चिकोडी रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळला. जीव वाचला, पण गुडघा आजही वाकत नाही. मागून न दिसणारं वाहन म्हटलं की मला तोच आठवतो. आपली गाडी तशी होऊ देऊ नकोस.

दुसरी कागदांची. मी इथं विम्याचंच काम करते, म्हणून भारतातला कायदाही वाचून ठेवलाय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. ७ डिसेंबर २०१७ ला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर (गाडीला बाहेरून लावतात त्या लोखंडी गजांवर) कारवाई करायला सांगितलं, तेही याच कलमाच्या आधारानं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानदार म्हणेल, सगळे बसवतात. पण तुझी केए २२ ची, म्हणजे बेळगावच्या नंबरची गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात जाणार, कोल्हापूरला पाहुण्यांकडं जाणार. तीन राज्यांचे पोलीस तिच्याकडं बघणार. आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचार, लेखी उत्तर घे, मगच पैसे मोज.

*

प्रेषक: शहापूरचे काका, ॲडलेड

बाळ, तुझं पत्र रात्री वाचलं. सकाळी उठून उत्तर लिहायला बसलोय, लांब होईल.

आधी तुझं दार. दुकानदारानं ते सोडून बंपर दाखवला, पण दुखणं दारातच आहे. मोठी स्टेपनी किती किलोची, वजन केलंस का? कर. दारावरचं चाक बिजागरीपासून साधारण दोन फुटांवर लोंबतं, म्हणून दहा किलो वाढले की बिजागरीवरचा ओढा दहाच्या हिशेबानं वाढत नाही, तरफेच्या हिशेबानं वाढतो. त्यात गाडी खड्ड्यात आपटली की तोच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. थार, जिम्नी, बोलेरो, जुनी जिप्सी, या सगळ्यांची स्टेपनी मागच्या दारावर असते. कंपनीच्या चाकापुरतं ते बरोबर असतं. जड चाक टांगलं ते आपण.

झुलता हात जन्माला आला तो याच कारणानं. चाकाचा भार दारावरून काढून बंपरमधून थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर न्यायचा. कल्पना चांगली आहे. पण इथं लोक दोन हात का लावतात ते समजून घे. माझ्या लँड क्रूझरची (१०० सिरीज) स्टेपनी मुळात गाडीच्या पोटाखाली होती. ती जागा मी डिझेलच्या मोठ्या टाकीला दिली, तेव्हा चाकाला मागं जायलाच लागलं. दुसरं चाक घेतलं ते इथल्या वाळवंटातल्या ऊडनाडट्टा ट्रॅकसाठी. सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास कच्चा रस्ता, मारी गाव सोडलं की विल्यम क्रीक या वस्तीपर्यंत दोनशे किलोमीटर कोणी नाही. दोन टायर फाटले तर तिथंच बसायचं. जांबोटीत तुला पंक्चर काढणारा मिळतो. तुझ्या रस्त्याला दुसरी स्टेपनी लागतच नाही.

वजनाचा हिशेब मांडतो. चार मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा एक चौरस मीटर ३१ किलोचा, सहा मिलिमीटरचा ४७ किलोचा. दोन चाकं, हात, कॅन धरून मूळ वजनावर १०० किलो सहज चढतात. ते मागच्या ॲक्सलच्या मागं एक मीटरवर आहेत असं धर, आणि थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर घे, २,४५० मिलिमीटर. मग पुढच्या चाकांवरचे ४१ किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर १४१ पडतात. तू गाडी घेतलीस राड्यासाठी. ओल्या तांबड्या मातीत वळायचं, थांबायचं ते पुढच्या चाकांच्या पकडीवर, आणि तू तीच हलकी करणार! हे मी लँड क्रूझरवर सोसलंय, आणि ती तर लांब, जड गाडी. आखूड गाडीला हे जास्त जाणवतं.

आता हात ज्यावर फिरतो त्या आसाबद्दल, कारण माझं अर्धं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवर गेलं आणि यातलं मला खरोखर कळतं. दुकानात बंपरचा रंग, जाडी, दिवे दाखवतात. तू हात उघडायला सांग, टोकाला धरून वर-खाली हलव. टोक बोटभर जरी हललं तर घेऊ नकोस. आत नुसतं पितळेचं किंवा प्लॅस्टिकचं बुश (आसाभोवतीची नळी) घातलेलं असेल तर चिखलाचं पाणी शिरतं, बुश झिजतं आणि टोक खाली येतं. चांगल्या कामात ट्रेलरच्या चाकासारखा स्पिंडल, म्हणजे जाड खुंटा असतो, वर-खाली दोन निमुळती (टेपर) बेअरिंग, पाणी अडवणारं सील आणि ग्रीस भरायचा निपल. ढिलं झालं की नट आवळून परत घट्ट करता येतं. दुसरं म्हणजे कडी. हात मिटल्यावर त्याचं टोक एखाद्या उतरत्या पाचरीवर चढून बसलं पाहिजे. तसं बसलं की गाडी धावताना भार दोन्ही टोकांना वाटला जातो. नाहीतर सगळा भार एकट्या आसावर. आणि उघडल्यावर खिट्टी आपोआप पडली पाहिजे. उतारावर गाडी उभी असताना ३५-४० किलोचं चाक परत येऊन आदळलं तर बाबांचा हात मोडेल. भाजीची पिशवी ठेवायची तरी आधी हात, मग दार, आणि मिटवताना परत उलट्या क्रमानं. दोन हात असतील तर दोन्ही उघडल्याशिवाय दार उघडत नाही. पावसात बाबांना हे रोज करायला लावू नकोस.

माझं काय झालं तेही सांगतो. मारीच्या पुढं साठ-सत्तर किलोमीटरवर मागून ठक ठक आवाज यायला लागला. उतरून बघतो तर डाव्या हाताच्या नळीला, आसापाशी, वेल्डिंगच्या कडेनं अर्धा वेढा चीर. पन्हळी पत्र्यासारखा तो रस्ता, तासनतास एकसारखी थरथर, आणि त्या जोडाला आधाराची तिकोनी पट्टीच दिलेली नव्हती. लोखंड एका दणक्यानं तुटलं नाही, थकून तुटलं. चाक काढून गाडीत झोपायच्या जागेवर ठेवलं, हात दोरीनं बांधला आणि तसेच विल्यम क्रीकला गेलो. तुझी काकू तो उरलेला सगळा रस्ता मागं वळून बघत बसली होती.

म्हणून आज एक काम कर. तुझ्या दाराची बिजागरी जिथं पत्र्याला मिळते तिथला चिखल धू, कोरडं कर. रॉकेलचा बोळा दहा मिनिटं दाबून ठेव, रॉकेल मिळालं नाही तर डिझेल चालेल. मग पुसून अगदी कोरडं कर आणि वर पांढरा खडू फास. थोडा वेळ थांब. आत चीर असेल तर मुरलेलं तेल खडूत परत येतं आणि काळी रेघ दिसते. आम्ही कारखान्यात कास्टिंग (ओतीव भाग) असंच तपासत होतो. काय दिसतं ते कळव, त्याआधी बंपरचा विचारच नको.

*

प्रेषक: खानापूरकर

काका, आडतीच्या काट्यावर वजन केलं. कंपनीची स्टेपनी २८ किलो, माझी ४१.

खडूही फासला. वरच्या बिजागरीखाली, रंगाच्या आत, दोन बोटं लांब रेघ उमटली. खालच्या बिजागरीला काही नाही. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी खाली वाकून ती बघितली आणि काही न बोलता घरातून पाना आणून माझ्या हातात दिला. मोठं चाक तिथल्या तिथं उतरवलं.

आता बाकीच्या चारांचंही माप परत कंपनीचंच घेतो, नक्षी फक्त चिखलाची. म्हणजे स्टेपनी २८ वरच राहील आणि पाचही चाकं एका मापाची होतील. बारा व्होल्टचा हवेचा पंप आणि पंक्चरच्या वाती सीटखाली ठेवल्यात. दुकानदाराला नको म्हणून सांगितलं. ताई, आरटीओकडं अर्ज मात्र दिलाय, एका हाताच्या कॅरियरपुरता. लेखी उत्तर आलं की इथं कळवतो.

काका, एकच विचारायचं राहिलं. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडून मग वेल्डिंग करायचं म्हणतोय इथला पत्रेवाला. त्यानं ती पुढं सरकत नाही म्हणे. बरोबर आहे का? गाडी त्याच्याकडंच सोडलीय.

*

प्रेषक: शहापूरचे काका, ॲडलेड

बरोबर आहे, माणूस जाणता दिसतोय. तीन मिलिमीटरचा ड्रिल पुरे. भोक चिरेच्या अगदी टोकावर पडू दे, टोक कुठं आहे ते परत खडू फासून बघा. आतून आधाराची पट्टी घालायला सांग, ती बिजागरीच्या दोन्ही बोल्टांखाली जाईल एवढी लांब. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची मायनस वायर काढायला विसरू नका.